दीपमालाताईंचा संशय

दीपमालाताईंना कुणी चहा दिला की त्या कप आधी नाकाजवळ नेतात. दूध सकाळचं की कालचं, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नसतं. नसरापूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "वेल्ह्याची गाडी आत्ता सुटंल," की त्या आधी ड्रायव्हर कुठं आहे ते शोधतात. तो टपरीवर भजी खाताना दिसला की निवांत बसून घेतात. सीलबंद बाटली उघडताना झाकण तुटल्याचा आवाज आला नाही तर ते पाणी झाडाला जातं. ऑफिसचं शटर लावलं की कुलूप ओढून बघतात, रस्ता ओलांडतात, आणि परत येऊन पुन्हा ओढतात. आमच्या दूध संघात त्यांना तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण माघारी सगळे 'फौजदारीणबाई' म्हणतात. मीही म्हणायचो.

मी संघाच्या शीतकरण केंद्रात दूध तपासतो आणि त्या शेजारच्या खोलीत बसून संघाचे सगळे संगणक सांभाळतात. मधे काचेची भिंत आहे. त्यामुळे त्या कुणावर संशय घेतायत हे मला त्यांच्या भुवयांवरून कळतं.

त्या भोरच्या. डिप्लोमा केला, पुण्यात काही दिवस नोकरी केली आणि आईच्या आजारपणात परत आल्या त्या इकडेच राहिल्या. हा संशयी स्वभाव कुठून आला, असं मी एकदा त्यांना चिडूनच विचारलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांची आजी अक्काबाई गावात म्हशी पाळायची. गावच्या डेअरीत बौद्धवाड्यातलं दूध आलं की माप घेणारा म्हणायचा, "थांबा, तुमचं मागनं बघू." सगळ्यांचं झाल्यावर तो काचेची नळी दुधात बुडवायचा, आकडा स्वतःशीच वाचायचा आणि 'पाणी हाय' म्हणून मोकळा व्हायचा. अक्काबाईला वाचता येत नव्हतं. ती लहानग्या दीपमालाला कडेवर घेऊन नळीपाशी धरायची. "बाय, काय लिवलंय ते मोठ्यानं वाच," म्हणायची. ताई अक्षरं शिकायच्या आधी आकडे शिकल्या त्या अशा. तो माप घेणारा आता हयात नाही, पण मला त्याचा अजून राग येतो.

आता मूळ गोष्ट सांगतो. एका वर्षी आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचे सगळे संगणक एका सकाळी उघडेचनात. प्रत्येक पडद्यावर एकच मजकूर होता: फायली कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा आणि सोडवून घ्या. हे ऐकून आमचे अध्यक्ष कोंडिबाअण्णा हादरले. तोवर आमच्या गावोगावच्या संकलन केंद्रांवर जो तो फुकट मिळेल ते अँटिव्हायरस टाकून बसला होता, आणि त्यातली निम्मी मुदत संपून नुसती शोभेला उरली होती. अण्णांनी ठरवलं की सगळ्या केंद्रांसाठी एकच चांगलं संरक्षण विकत घ्यायचं. नसरापुरात बसून कोणत्या गावच्या संगणकात काय शिरलं ते एका पडद्यावर दिसलं पाहिजे. कोणतं घ्यायचं ते ताईंनी तुलना करून सांगायचं.

पुण्याहून दोन कंपन्यांची माणसं आली. दोघांचेही शर्ट कडक इस्त्रीचे, आणि दोघांचंही सॉफ्टवेअर जवळपास शंभर टक्के व्हायरस पकडणारं. ताईंनी पहिल्याला विचारलं, "आणि जे पकडलं जात नाही, ते कुठं दिसतं?" तो हसून म्हणाला, "मॅडम, दिसलं असतं तर पकडलंच असतं की." ताईंना हे उत्तर फार आवडलं. इतक्या वेळात खरं बोललेलं हे पहिलंच वाक्य आहे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्याला विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर आमची कोणती माहिती तुमच्याकडं पाठवतं?" तो चाचरला. मग त्यांनी त्याच्याकडून ते लेखी मागवून घेतलं.

शेवटी दोन्ही चाचणीसाठी घेतली. पहिलं वेल्हे रस्त्याच्या केंद्रांवर बसवलं. दुसरं भोर रस्त्याच्या केंद्रांवर आणि आमच्या ऑफिसात. पहिल्याला काही सापडलं की पडदाभर लाल पाटी यायची आणि कर्कश आवाज व्हायचा. दुसरं निमूटपणे घाण उचलून बाजूला कोंडायचं आणि कोपऱ्यात एक ओळ लिहून ठेवायचं. आठवड्याभरात त्यांची नावं 'बोलकं' आणि 'मुकं' अशी पडली.

ताईंची तुलना कंपन्यांच्या कागदांसारखी नव्हती. कॅन घेऊन लोक रांगेत उभे असताना जुना संगणक किती अडखळतो, हे त्या केंद्रावर उभं राहून बघायच्या. वेल्ह्याकडं ढग खाली उतरले की नेट जातं. तेव्हा कोणतं नेटशिवाय काम करतं हेही बघितलं. बोलक्यानं विंझरच्या केंद्रावर ऐन गर्दीत आमच्या वजनकाट्याच्याच प्रोग्रामला चोर ठरवून बंद केलं, तेव्हा शेतकऱ्यांनी जे शब्द वापरले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. माझं फॅटचं यंत्र नीट चालतंय का हे पाहायला मी त्यात फॅट आधीच माहीत असलेलं दूध घालून बघतो. तशी ताईंनी मुद्दाम चाचणीसाठीच बनवलेली एक निरुपद्रवी फाईल दोन्हीकडं सोडून बघितली. दोघांनीही ती पकडली. त्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. "ही फाईल सगळ्या जगाला माहितीय," म्हणाल्या. "ओळखीचा चोर कुणीही धरेल."

आणि मग बोलकं ओरडायला लागलं. दरवेळी एकाच गावचं नाव घेऊन: मार्गासनी.

मार्गासनीच्या केंद्रावर स्नेहल होती. गेनबांची सून. बारावी झालेली, हसतमुख, आणि नोंदी अशा स्वच्छ की मला तिच्या गावचं दूध तपासताना कधी फोन करावा लागला नाही. तिला हे काम सहज मिळालं नव्हतं. गेनबा जुन्या वळणाचे. सुनेनं सकाळ-संध्याकाळ चार पुरुषांत बसून दूध मोजायचं, हे त्यांना पटायला दोन वर्षं लागली. शेवटी हो म्हणाले, पण एक अट घातली: गावात तिच्या नावानं एक शब्द जरी निघाला, तर त्या दिवशी केंद्राची चावी परत. स्नेहल त्या चावीला इतकी जपायची की ती कमरेला खोचूनच घरातली कामं करायची, असं तिची सासू कौतुकानं सांगायची.

आमच्या डोंगराआडच्या केंद्रांचं नेट बेभरवशाचं, म्हणून दुधाच्या नोंदी पेन ड्राइव्हवर घालून दूध टेम्पोबरोबर पाठवायची आमच्याकडची पद्धत आहे. प्रत्येक गावाचा एक पेन ड्राइव्ह, त्याला गावाच्या नावाची चिठ्ठी. सकाळी कॅनबरोबर तो नसरापूरला येतो, आम्ही नोंदी उतरवून घेतो आणि संध्याकाळच्या फेरीला टेम्पोतूनच परत धाडतो. बोलक्याचा अहवाल सांगत होता की मार्गासनीच्या संगणकात व्हायरस पेन ड्राइव्हमधूनच येतोय. ताईंनी स्नेहलला फोन केला.

"ताई, म्या संघाचाच पेन ड्राइव्ह लावते. दुसरा माझ्यापाशी न्हाईच," स्नेहल म्हणाली.

ताईंनी फोन ठेवला आणि संघाचा तो पेन ड्राइव्ह ऑफिसात तपासला. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासला. स्वच्छ. म्हणजे ऑफिसातून स्वच्छ जातो, ऑफिसात स्वच्छ येतो, आणि मार्गासनीत व्हायरस सापडतो. ताईंच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

कोंडिबाअण्णा मात्र खूश झाले. "बोलकं घ्या. त्यानं चोर धरला. मुक्यानं आजवर एक तरी धरलाय का?" त्यांचा हिशेब सरळ होता. ताईंना तो पटेना. मुकं ज्या गावांत बसलंय तिथं कदाचित काही येतच नसेल, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी दोन्हींची अदलाबदल केली. मार्गासनीला मुकं बसवलं. आठवडा सरायच्या आत मुक्याच्या कोपऱ्यातही एक ओळ उमटली. पुन्हा मार्गासनी, पुन्हा पेन ड्राइव्ह.

त्या दिवशी ताई काचेपलीकडून उठून माझ्याकडे आल्या. "दोन वेगळ्या कंपन्या, दोघींचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही, आणि दोघी एकच नाव सांगतायत. पोरगी काहीतरी लपवतेय. सिनेमे-बिनेमे आणत असेल कुणाकडून." मी भडकलो. स्नेहलला तुम्ही ओळखता का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ओळखत नाही. म्हणूनच." आणि त्यांनी तुलनेच्या कागदात तसं लिहिलं: दोन्ही चाचण्यांत मार्गासनी, बाहेरचा पेन ड्राइव्ह वापरल्याचा संशय, प्रत्यक्ष जाऊन पाहणी बाकी.

कोंडिबाअण्णांनी 'संशय' इथवरच वाचलं असावं. त्यांनी गेनबांना फोन लावला. मी समोर होतो. आवाजात नुसती साखर. "गेनबा, सूनबाईंवर आमचा पूर्ण विश्वास हाय बरं का. पर थोडं दिवस घरी राहू द्या त्यास्नी. चावी टेम्पोबरोबर लावून द्या." दुसऱ्या दिवशी चावी आली आणि अण्णांची भाची वैष्णवी मार्गासनीच्या खुर्चीवर बसली.

ताई अण्णांच्या केबिनमध्ये गेल्या तेव्हा काच थरथरली. "मी पाहणी बाकी लिहिलं होतं," एवढंच मला ऐकू आलं. बाहेर आल्यावर त्यांनी डबा उघडला नाही. मीही त्यांना खा म्हटलं नाही, कारण मला त्यांचा राग आला होता. तुमच्या संशयापायी पोरीची चावी गेली, असं मी बोलूनही टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

वैष्णवी बसायच्या आधी ताईंनी मार्गासनीला जाऊन तो संगणक पूर्ण पुसून कोरा केला होता आणि मुकं नव्यानं बसवलं होतं. तरी शुक्रवारी मुक्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली. अण्णा म्हणाले, "आधीच्या पोरीच्या हातचं राहिलं असंल कायतरी." कोऱ्या संगणकात काय राहणार? पुढचे दिवस ताईंनी कुणालाच सोडलं नाही. अण्णांनी भाचीला चिकटवण्यासाठी हे घडवलं असेल, असं त्यांना वाटलं. मग वैष्णवीवर संशय गेला. मग आपला माल खपावा म्हणून कंपन्यांनीच व्हायरस पेरला असेल, असं वाटलं. एका दुपारी मला विचारलं, "तुम्ही मार्गासनीला शेवटचे कधी गेला होता?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

सोमवारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "मी आज संध्याकाळच्या फेरीला टेम्पोतनं जातेय. पेन ड्राइव्ह इथनं निघाल्यापासनं तिथं लागेस्तोवर डोळ्यांसमोर ठेवणारय. तुम्ही चला." मी कशाला, म्हटलं. "मी एकटीनं पाहिलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" त्या म्हणाल्या. त्यात मला टोमणा कुठं दिसेना, म्हणून गेलो.

टेम्पो हनुमंत चालवतो. गोड माणूस. आम्ही तिघं पुढं दाटीवाटीनं बसलो. ताईंनी ऑफिसात तपासलेले पेन ड्राइव्ह स्वतःच्या हातानं त्याच्या डबीत ठेवले आणि डबी काचेजवळ ठेवली. स्टँडमागच्या मोबाईलच्या दुकानापाशी हनुमंतनं टेम्पो उभा केला. "आलोच," म्हणाला आणि डबी उचलून गेला. मी हात धरणार होतो, पण ताईंनी माझ्या मनगटावर चिमटा काढला. थोड्या वेळानं तो परत आला, डबी जागेवर ठेवली, गाडी काढली.

आंबवणे गावाच्या पुढं रस्ता मोकळा झाला. हनुमंतनं डबीतून मार्गासनीची चिठ्ठी असलेला पेन ड्राइव्ह काढला आणि टेम्पोच्या टेपला लावला. ढोलकी सुरू झाली. त्यानं मानेनं ताल धरला.

ताईंनी एक अख्खं कडवं होऊ दिलं. मग विचारलं, "हनुमंतराव, ही गाणी कुठली?"

"म्या भरल्याली. त्या दुकानात भरून देत्यात."

"ह्याच पेन ड्राइव्हवर का?"

"बाकीचे लई बारके हायेत ताई, लगीच भरत्यात. मार्गासनीचा नवा हाय, लई जागा त्याच्यात." त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी औषधालाही नव्हती. "वर जाताना रिकामाच असतो न्हवं? अण्णा म्हनत्यात, टेम्पो रिकामा पळवायचा न्हाई. म्हनून जाताना म्या पेंड नेतो, येताना दूध. मंग ह्यो तरी रिकामा कशापायी न्यायचा?"

मला हसू आवरेना. ताईंनी मात्र डोळे मिटून घेतले. त्या दुकानाच्या संगणकाला अख्ख्या परिसराचे मोबाईल आणि पेन ड्राइव्ह लागतात. तिथली घाण गाण्यांबरोबर चढायची. हा व्हायरस फोल्डर लपवणारा, त्यामुळे गाण्यांचा फोल्डर आम्हाला ऑफिसात कधी दिसलाच नाही. टेम्पोच्या टेपला मात्र लपवलेलंही वाजवता येत होतं. दुकानानंतर तो पेन ड्राइव्ह ज्या पहिल्या संगणकाला लागायचा तो मार्गासनीचा. तिथं तो साफ व्हायचा आणि स्वच्छ होऊन आमच्याकडे यायचा.

"पोरीनं सांगितलं होतं मला. संघाचाच लावते म्हणून," ताई पुटपुटल्या.

मार्गासनीला उतरलो तेव्हा संध्याकाळचं दूध सुरू व्हायला अजून अवकाश होता. तरीही त्यांनी वैष्णवीला खुर्चीवरून उठवलं आणि तो पेन ड्राइव्ह स्वतः लावला. कोपऱ्यात ओळ उमटलेली मला दाखवली. मगच अण्णांना फोन केला. अण्णांचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता: हनुमंतला काढून टाकतो आणि गेनबाला फोन करतो. ताई म्हणाल्या, "हनुमंतरावांना काढायचं नाही. त्यांना गाण्यांसाठी वेगळा पेन ड्राइव्ह घेऊन द्या. आणि गेनबांना फोन नको. तुमचा एक फोन झालाय त्यांना."

गेनबांचं घर गुंजवणी नदीच्या अंगाला, केंद्रापासून जवळच. चालता चालता मी विचारलं, मग घ्यायचं कोणतं. "मुकं," त्या म्हणाल्या. "नेट गेलं तरी चालतं, कॅन अडवत नाही, आणि ठरवून दिलेल्या पेन ड्राइव्हशिवाय दुसरा लावूच देऊ नको, असंही त्याला सांगून ठेवता येतं. पण दोन्हींत एक खोट आहे. सापडलं कुठं एवढंच ती सांगतात. आलं कुठनं ते आपण जाऊन बघायचं असतं. माझ्या आजीला नुसतं सापडलेलंच ऐकवायचे लोक, आणि मी पोरीला तेच ऐकवलं." मला त्यांच्यावर धरलेला राग कुठं ठेवावा कळेना.

गेनबा ओट्यावर बसले होते. उठले नाहीत, या म्हणाले नाहीत. ताईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं: दुकान, गाणी, पेन ड्राइव्ह. मी सगळं पाहिल्याची ग्वाही दिली. गेनबा जमिनीकडं बघत होते. "संगनकाचं आमाला काय कळत न्हाई," शेवटी म्हणाले. "पर गावात नाव झालं ते झालं."

स्नेहल दारात येऊन उभी होती. चेहरा उतरलेला. कमरेला चावी नव्हती, पण हात तिथंच होता. तिनं सासऱ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं नाही. ताईंना विचारलं, "ताई, तुमाला बी वाटलं व्हतं व्हय, म्याच केलं म्हनून?"

नाही म्हणा, असं मी मनात म्हणत होतो. इतक्या चांगल्या कामाला आलेलं माणूस एवढं खोटं बोलू शकतं.

"व्हय," ताई म्हणाल्या. "वाटलं होतं. कागदावर लिहिलंही होतं. तुला फोनवर विचारलं, तू खरं सांगितलंस, आणि मी मानलं नाही. आता डोळ्यांनी बघून आलेय. तू काहीच केलं नव्हतंस."

स्नेहलनं पदरानं डोळे पुसले. मग गेनबांनी मान वर केली आणि पहिल्यांदा ताईंकडं नीट बघितलं.

"अध्यक्ष म्हनले, आमचा पूर्ण विश्वास हाय. आन् चावी मागून घेतली," ते सावकाश म्हणाले. "ह्या बाई म्हनत्यात, संशय व्हता. आन् टेम्पोत बसून बघाया आल्या."

ताईंनी वैष्णवीकडून आणलेली चावी ओट्याच्या कडेला ठेवली. गेनबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि दाराकडं न बघता विचारलं, "स्नेहल, सांच्याचं केंद्र किती वाजता उघडायचं असतं?"

स्नेहल उत्तर द्यायला थांबली नाही. तिनं चपला घातल्या होत्या आणि चावीसाठी हात पुढं केला होता.